पितळ बॅरलला टाकण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरच्या एमआयडीसीत आमची लहानशी शेड आहे. कारखान्यांचे पितळी सुटे भाग साफ करून देणं हा आमचा रोजचा धंदा. श्रावण लागला की मात्र शेडबाहेर शेतकरी उभे राहतात. कुणाच्या हातात घुंगुरमाळा असतात, कुणाकडं घाट्या, कुणाकडं समया. त्यांचे प्रश्न दरवर्षी जवळपास तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची सविस्तर लिहून काढली. घरच्या घरी लहान बॅरल बनवणारी तरुण पोरंही फोन करतात, त्यांनाही हे कामाला येईल.

बॅरलला टाकणं म्हणजे नेमकं काय?

पितळेच्या वस्तू आणि त्यांना घासणारा माल एका पिंपात भरायचा आणि पिंप आडवं ठेवून हळूहळू फिरवायचं. माल वर चढतो, घसरून खाली येतो आणि येताना वस्तूच्या अंगावरून सरकतो. एका फेरीत काही दिसत नाही. दोन तासांनी झाकण उघडलं की मळ गेलेला असतो. दुसरा प्रकार थरथरणाऱ्या टोपल्याचा. त्यात पिंप फिरत नाही, मोटरीवरचं असमतोल वजन टोपलं हलवत राहतं. कोरड्या कामाला टोपलं बरं आणि ओल्या कामाला फिरतं पिंप.

चिंच, मीठ आणि राख असताना मशीन कशाला?

चार भांडी असतील तर मशीन नकोच. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, लिंबात सायट्रिक. पितळेवरचा काळा थर ही आम्लं विरघळवतात आणि राख तो खरवडून काढते. आपल्या आज्या-पणज्यांनी हे बिनचूक हेरलेलं होतं. अडचण येते ती संख्येची आणि कोपऱ्यांची. दीडशे घुंगरं एकेक करून कोण घासणार? समईच्या आट्यांत साचलेलं तेल घट्ट होऊन रोगणासारखं बसतं, तिथं बोट पोचत नाही.

आणखी एक. चिंच लावून भांडं तसंच तासभर ठेवण्याची सवय वाईट आहे. आम्लाचं काम पाच मिनिटांत होतं. त्यानंतर ते मळ सोडून पितळेतलं जस्त ओढायला लागतं.

कोरडं करावं की ओलं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि आमच्या भागात त्याचं उत्तर पाण्यापासून सुरू होतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. ते दिवस ज्यानं काढले, तो पितळ धुवायला शंभर लिटर पाणी वापरताना दोनदा विचार करतो. आम्ही कोरड्या कामाकडं वळलो ते त्याच उन्हाळ्यात.

कोरड्या कामात दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसाचा चुरा किंवा अक्रोडाच्या कवचाचा चुरा वापरतात. कणसाचा चुरा मऊ असतो, तेल आणि ओल शोषून घेतो आणि वस्तूला सौम्य चमक देतो. अक्रोडाचं कवच जास्त कडक, घट्ट बसलेला मळ ते काढतं, पण आमच्याकडं ते महाग पडतं. दोन्हींनी बाहेरचं अंग छान निघतं. आतली पोकळी मात्र फारशी साफ होत नाही आणि धूळ खूप होते. वेळही भरपूर लागतो. तीन-चार तास धरूनच चाला.

ओल्या कामात स्टेनलेस स्टीलच्या बारीक काड्या वापरतात. साधारण १.२ मिलिमीटर जाड आणि साडेसहा मिलिमीटर लांब. सोबत पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व. काड्या भोकांत, आट्यांत, कोपऱ्यांत सगळीकडं शिरतात. दीड-दोन तासांत वस्तू आतून-बाहेरून सोन्यासारखी निघते. पिंप काड्या, वस्तू आणि पाणी मिळून दोन-तृतीयांश भरावं. पूर्ण भरलं तर माल घसरायला जागाच उरत नाही आणि वस्तू नुसत्या गोल फिरून परत येतात.

ओल्या कामाचे तोटेही सांगतो. गरजेपेक्षा जास्त वेळ फिरवलं तर पातळ कडा ठोकल्यासारख्या होऊन आत वळतात. शिवाय काड्या अडकतात. नळाची तोटी परत देताना ती उजेडाकडं धरून आरपार बघितल्याशिवाय आम्ही पिशवीत टाकत नाही. लोहचुंबकानं बहुतेक काड्या निघतात, पण दोन काड्या एकमेकींत फसून भोकात आडव्या बसल्या तर चुंबकालाही दाद देत नाहीत. त्या सुईनं काढाव्या लागतात.

आमचा नियम साधा आहे. आरपार भोक असलेली आणि पाणी निथळणारी वस्तू ओल्यात टाकायची. बंद पोट असलेली कोरड्यात.

मग घुंगरू कशात टाकायचं?

फक्त कोरड्यात. घुंगराच्या चिरेतून स्टीलची काडी सहज आत जाते, बाहेर मात्र येत नाही. मग ते घुंगरू वाजत नाही, खुळखुळतं. दुसरं म्हणजे आतला खडा बहुतेक वेळा लोखंडाचा असतो. पाण्यानं तो गंजतो आणि चार दिवसांनी चिरेतून तांबडं पाणी ओघळून घुंगराच्या अंगावर डाग पडतो.

पद्धत अशी: माळ सोडून घुंगरं सुटी करायची. कोमट साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं हलवून चिरेतली माती काढायची आणि लगेच उन्हात चीर खाली करून वाळवायची. मग चिरेपेक्षा जाड चाळलेल्या चुऱ्यात तीन तास फिरवायची. कातडी पट्टा किंवा सुती गोंडे बॅरलमध्ये कधीच जात नाहीत.

मक्याच्या कणसाचा चुरा घरी करता येतो का?

येतो. मका भरडायच्या वेळी उरलेली कणसं कडकडीत वाळवा, भरडून दोन चाळण्यांतून काढा. वरच्या चाळणीवर राहील ते जाड, खालच्या चाळणीवर राहील ते बारीक आणि खाली पडेल ते पीठ. पीठ फेकून द्या, ते चिरांत बसतं. बुरशी लागलेली कणसं वापरू नका. लाकडाचा भुसा चालेल का, असंही विचारतात. चालतो, पण सागवानाचा भुसा तेलकट असतो आणि पितळेवर पिवळट हात येतो. बाभळीचा आम्ही वापरून पाहिला नाही.

लिंबूसत्त्व किती घालावं? आमचं पितळ गुलाबी निघालं.

चार लिटर पाण्याला पाव चमचा. चहाचा चमचा, पोह्यांचा नव्हे. याहून जास्त घालून काम लवकर होत नाही, उलट पितळ गुलाबी होतं.

गुलाबी का होतं ते समजून घ्या. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्ल जास्त झालं किंवा वेळ जास्त झाला की पृष्ठभागावरचं जस्त आधी सुटतं, तांबं मागं राहतं. पाण्यात विरघळलेलं तांबंही परत वस्तूवर चढतं. म्हणून तांबूस छटा दिसते. थर पातळ असेल तर कोरड्या चुऱ्यात फिरवून तो निघतो. खोल गेला असेल तर तिथलं पितळ भुसभुशीत झालेलं असतं आणि चमक आणूनही उपयोग नसतो.

आमच्या हातून हे एकदा झालं आहे. रात्री आठ वाजता एका मंदिराच्या आरतीच्या घंट्या आणि निरांजनं ओल्यात लावली आणि वीज गेली. सकाळी येईल म्हणून पिंप न उघडता आम्ही घरी गेलो. पिंप फिरत नव्हतं, पण आम्ल रात्रभर काम करत होतं. सकाळी झाकण काढलं तेव्हा निरांजनांचा जो भाग काड्यांत गाडला गेला होता तो पिवळा आणि वर पाण्यात राहिलेला भाग डाळिंबाच्या सालीच्या रंगाचा. सरळ रेष पडली होती. देवस्थानच्या मंडळींपुढं ती निरांजनं ठेवताना काय वाटलं ते आजही विसरता येत नाही. तेव्हापासून वीज गेली की पहिलं काम पिंप रिकामं करून वस्तू साध्या पाण्यात टाकायचं. मग मेणबत्ती शोधायची.

पिंप किती वेगानं फिरवावं?

घरी बनवणाऱ्या दहातले आठ जण इथंच चुकतात. जोरात फिरवलं की लवकर होईल असं वाटतं. पण एका मर्यादेनंतर माल भिंतीला चिकटून पिंपाबरोबरच गोल फिरतो, घसरत नाही आणि घासतही नाही. ती मर्यादा काढायचं गणित सोपं आहे. पिंपाचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि ४२.३ ला त्यानं भागा. २० सेंटिमीटरच्या पिंपाला हे उत्तर मिनिटाला ९५ फेऱ्यांच्या आसपास येतं. त्याच्या साधारण निम्म्या वेगानं, म्हणजे ४५ ते ५० फेऱ्यांनी फिरवा.

कानावर भरवसा ठेवा. बरोबर वेग असेल तर सतत सरसर आवाज येतो, धान्य ओतल्यासारखा. थप-थप ऐकू आलं तर माल उंचावरून पडतोय आणि वस्तूंना पोचे येतील. काहीच आवाज नसेल तर माल भिंतीला चिकटलेला आहे. गोल पिंपाच्या आतून दोन-तीन रबरी पट्ट्या लावल्या तर माल नीट उचलला जातो.

घुंगरं ठोकर न लागता तडकतात. कशामुळं?

हा प्रश्न माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे. उत्तर ऐकलं की माणसं गोठ्याकडं वेगळ्या नजरेनं बघतात.

दरवर्षी पोळ्याच्या आधी कुणीतरी घुंगरू हातात देतं. चिरेच्या टोकापासून केसासारखी रेष वर गेलेली असते. पितळ कुठं झिजलेलं नाही, पातळ झालेलं नाही, पोचा नाही. वाजवलं की बद्द वाजतं. शेतकरी म्हणतो, "मालक, बैलानं आपटलं नाही, काही नाही. खुंटीला टांगलं होतं वर्षभर, तिथंच फुटलं." आणि तो खरं सांगत असतो.

याची उकल शंभर वर्षांपूर्वी झाली आणि ती झाली हिंदुस्थानातल्या पावसाळ्यामुळंच. ब्रिटिश फौजा पावसाळ्यात हालचाली थांबवून दारूगोळा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवत. पाऊस ओसरल्यावर पेट्या उघडल्या तर काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांना तडे गेलेले. पावसाळ्याच्या ऋतूत होतं म्हणून इंग्रजीत त्याला ऋतूवरूनच नाव पडलं. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कारण मांडलं: पागेतल्या घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया. पुंगळी ओढून-दाबून घडवताना पितळेत ताण राहून जातो. ताणलेलं पितळ, ओलसर हवा आणि अमोनिया हे तिन्ही एकत्र आले की पितळ कणाकणांच्या सांध्यातून उकलतं. तिन्हींतलं एक जरी काढलं तरी तडा जात नाही.

आता आपला गोठा बघा. पत्र्याला ठोकून घडवलेलं घुंगरू, म्हणजे ताण आला. श्रावणातली दमट हवा आली. आणि गोमूत्र जमिनीत मुरून सुटणारा तो डोळ्याला झोंबणारा वास, तो अमोनियाच. खुंटी नेमकी दावणीच्या वर. इंग्रजांच्या पागेत जे झालं तेच आपल्या गोठ्यात होतं.

म्हणून घुंगुरमाळ गोठ्यात टांगू नका. पोळा झाला की पुसून, कोरडी करून घरात ठेवा, आणि तीही सुती फडक्यात बांधून. ओतीव घंटेला हा धोका बराच कमी, कारण तिला ठोकलेलं नसतं. तांब्याच्या घागरीला तर जवळपास नाहीच. जस्त जितकं जास्त तितकं पितळ या बाबतीत नाजूक.

याच कारणानं तिखट वासाचं कुठलंही पॉलिश आम्ही शेडमध्ये येऊ देत नाही. काही द्रव पॉलिशमध्ये अमोनिया असतो आणि त्याची चमक पटकन येते, हे खरं. पत्र्याच्या घडीव वस्तूला ते लावू नका. बाटलीचं झाकण उघडल्यावर नाकाला झोंबलं तर झाकण परत लावून टाका.

तडा गेलेलं घुंगरू बॅरलला टाकू नये. फिरताना तडा वाढतो. जुनं आणि जपायचं असेल तर जाणत्या कारागिराकडून झाळून घ्या, पण आवाज पहिल्यासारखा येईल ही आशा ठेवू नका.

धुतल्यावर पांढरे ठिपके पडतात.

बोअरचं पाणी. आपल्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या पाण्यात क्षार भरपूर, आणि ते वाळताना वस्तूवर मागं राहतात. सगळं धुणं बोअरच्या पाण्यानं करा, शेवटचं विसळणं मात्र जारच्या किंवा पावसाच्या पाण्यानं. एक तांब्या पुरतो. मग लगेच सुती कापडावर लोळवून उन्हात ठेवा. घाई असेल तर कोरड्या कणसाच्या चुऱ्यात दहा मिनिटं फिरवा, ओल तो शोषून घेतो. गॅसवर तापवून वाळवू नका. घडीव पितळ फार तापलं की मऊ पडतं.

ही धूळ घातक असते का?

हो. इथं हयगय करू नका. कातकामासाठी वापरल्या जाणाऱ्या पितळेत दोन-तीन टक्के शिसं मुद्दाम घातलेलं असतं, म्हणजे ते सहज कापलं जातं. कोरड्या चुऱ्यात ते धुळीबरोबर वर येतं. शिसं शरीरात साठत जातं आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो.

म्हणून बॅरल घरात, ओसरीवर किंवा स्वयंपाकघराजवळ ठेवू नका. चुरा चाळताना वाऱ्याची दिशा बघून उभं राहा आणि चांगला मास्क लावा. रुमाल पुरत नाही. चुऱ्यात जुन्या सुती कापडाचे दोन तुकडे टाकले तर ते बरीच धूळ धरून ठेवतात. चुरा काळाकुट्ट झाला की बदला. काम झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय तंबाखूच्या पुडीला हात लावायचा नाही. आमच्याकडं हा नियम सगळ्यांना सारखा आहे, मालकालाही.

वापरलेला चुरा जनावरांपुढं किंवा चुलीत टाकू नका. मक्याचा दिसतो म्हणून गाई त्यात तोंड घालतात.

काळं पाणी कुठं टाकायचं?

नालीत नाही, शेतातही नाही. त्यात तांबं, जस्त आणि थोडं शिसं असतं. एका बादलीत साठवा आणि थोडी चुन्याची निवळी घाला. पाण्याचा आंबटपणा गेला की धातू निळसर-हिरव्या गाळाच्या रूपात तळाशी बसतात. रात्रभर ठेवून वरचं पाणी पुढच्या बॅचच्या पहिल्या धुण्याला वापरा. गाळ वाळवून डब्यात साठवायचा आणि एमआयडीसीतल्या घातक कचऱ्याबरोबर द्यायचा. घरगुती काम करणाऱ्यांनी डबा भरला की आमच्याकडं आणून दिला तरी चालेल.

कल्हईची भांडी घेता का?

नाही. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर, आणि कथील मऊ. बॅरलमध्ये तो आधी जातो. मग त्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार कळकतं. भांड्याला फक्त बाहेरून चमक हवी असेल तर हातानं घासा, आणि आत लाली दिसायला लागली असेल तर कल्हईवाल्याकडं द्या.

बिदरीचं काम, जुन्या मूर्ती, फवारणी पंपाची नोझल?

बिदरी कधीच नाही. तो धातू पितळ नसून जस्ताचा आहे, त्यात थोडं तांबं. त्याचा काळा रंग हा मळ नसतो. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून तो मुद्दाम आणलेला असतो आणि त्यावरच चांदीचं काम उठून दिसतं. कुणीतरी घासून पांढरी केलेली बिदरीची फुलदाणी मी पाहिली आहे. चांदी आणि जस्त एकाच रंगाचे झाले होते, नक्षी शोधावी लागत होती.

देवघरातल्या जुन्या टाकांचे नाक-डोळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पूजेनं आधीच गुळगुळीत झालेले असतात. ते मऊ ब्रशनं साबणाच्या पाण्यात धुवा, बस.

नोझलवर औषधाचा अंश असतो, आणि त्याचं भोक ठरावीक मापाचं असतं. घेत नाही.

बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या साफ करून मिळतील का?

नाही. खरं तर बॅरलची ही स्टीलच्या काड्यांची आणि कणसाच्या चुऱ्याची पद्धत बाहेरच्या देशांत पुंगळ्या साफ करून परत भरणाऱ्या नेमबाजांनीच घरोघरी पोचवली. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. आमच्या कामातल्या बऱ्याच गोष्टी त्यांच्या अनुभवातून आलेल्या आहेत. पण आपल्याकडं १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि त्यात काडतुसाचे भागही दारूगोळ्यातच मोडतात. परवानाधारकांनी आपल्या परवानाधारक दुकानदाराला किंवा रायफल क्लबला विचारावं.

जुना वाडा पाडताना किंवा विहिरीचा गाळ काढताना काडतूस सापडलं तर ते घासून बघायचा मोह धरू नका. वर गोळी दिसत असेल तर ते जिवंत असू शकतं, ऐंशी वर्षांचं असलं तरी. हलवू नका, पोलीस ठाण्याला कळवा.

चमक किती दिवस टिकते?

हाताळलं नाही तर काही महिने. घामाच्या बोटांनी धरलं तर आठवड्यात ठसे उमटतात. पातळ मेणाचा एक हात दिला तर जास्त टिकते. समईला मेण नको, वातीच्या उष्णतेनं ते वितळतं.

पण एक सांगू का? स्वच्छ पितळ आणि चमकणारं पितळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिरवा कळंक, माती, घट्ट तेल गेलं की वस्तू स्वच्छ झाली. वरचा तपकिरी, मऊ रंग पितळेचं रक्षणच करतो. गिऱ्हाइकाला आरशासारखं हवं असेल तर आम्ही देतो, मात्र दरवर्षी आरसा मागू नका. प्रत्येक वेळी थोडं पितळ जातंच, आणि घंटेवर कोरलेलं आजोबांचं नाव त्याच थरात असतं.

पोळ्यासाठी माळा कधी आणाव्यात?

निदान पंधरा दिवस आधी. शेवटच्या चार दिवसांत आलेला माल आम्ही घेत नाही, कारण घाईत वाळवणं राहून जातं आणि आतला खडा गंजतो. माळ सोडून आणा आणि घुंगरं मोजून कागदावर लिहून आणा. प्रत्येक घुंगरू कानाजवळ वाजवून बघा. जे बद्द वाजेल त्याला लाल दोरा बांधा, ते आम्ही बाजूला काढून तसंच परत देऊ.